नगररचना विभाग कागदावरून ऑनलाइन नेताना: एका एप्रिलपासून पुढच्या एप्रिलपर्यंत

ब वर्ग नगरपरिषदेतला नगररचना विभाग म्हणजे दोन खोल्या, सहा टेबलं आणि जिन्याखालचा अभिलेख कक्ष. एवढ्याच जागेतलं बांधकाम परवानगीचं काम कागदी नस्तीवरून (फाइलवरून) ऑनलाइन प्रणालीवर न्यायचं होतं आणि कोण काय करणार याची वाटणीही नव्यानं बसवायची होती. त्याला एका एप्रिलपासून पुढच्या एप्रिलपर्यंतचा काळ गेला. पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात मात्र ‘तीन महिने’ असं लिहिलेलं आहे. जिथे हे अजून व्हायचं आहे तिथल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून घडलं त्या क्रमानं लिहीत आहे. कलमं, पदनामं, नोंदवह्यांची नावं मुद्दाम ठेवली आहेत, कारण गाडी नेमकी तिथेच अडते.

पार्श्वभूमी थोडक्यात. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, ३ डिसेंबर २०२० पासून लागू झाली. बृहन्मुंबई, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही अपवाद सोडले तर गावोगावचे वेगवेगळे विकास नियंत्रण नियम जाऊन एकच पुस्तक आलं. पुस्तक बदललं तरी नस्ती फिरायची जुन्याच वाटेनं: आवक, छाननी लिपिक, कनिष्ठ अभियंत्याची स्थळपाहणी, आरेखकाची क्षेत्रफळ तपासणी, सहायक नगररचनाकार, मुख्याधिकारी, मग चलनासाठी लेखा विभाग आणि परत. ऑनलाइन प्रणाली आली की हीच वाट आपोआप छोटी होईल, असा सगळ्यांचा समज होता. तसं होत नाही. प्रणाली जुनी वाट जशीच्या तशी पडद्यावर आणते आणि वर पासवर्ड लावते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात म्हणून संगणकाला हातच लावला नाही. टेबलांवरच्या, कपाटांतल्या आणि खुर्च्यांखालच्या सगळ्या नस्त्या एका खोलीत आणून मोजल्या. प्रत्येकीवर दोनच तारखा पाहायच्या: आवक शिक्क्याची आणि शेवटच्या टिपणीची. कार्यविवरण पंजीत, म्हणजे टेबलावर आलेल्या कामांच्या नोंदवहीत, १४२ प्रकरणं प्रलंबित दिसत होती. प्रत्यक्षात निघाली २११. फरक शोधायला चार दिवस गेले. अर्जदाराला त्रुटीपत्र गेलं की लिपिक पंजीत ‘निर्गत’ लिहायचा, आणि पूर्तता आली की तीच नस्ती नवी नोंद न होता पुन्हा टेबलावर यायची. सहा गठ्ठे पद्धतीत, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गटांत लावून ठेवण्याच्या सरकारी पद्धतीत, अशा प्रकरणांसाठी ‘प्रतीक्षाधीन’ हा स्वतंत्र गठ्ठा असतो. तो गठ्ठा होता, पण त्यात जुनी वर्तमानपत्रं होती. बदलाचा आराखडा पंजीतल्या आकड्यावर करू नका. आधी हातानं मोजा.

मग प्रत्येक नस्तीच्या आतल्या बाजूला एक पिवळी पट्टी चिकटवली. त्यावर चारच रकाने होते: टेबल, माणसाचं नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. हे सहा आठवडे चाललं. पहिल्या आठवड्यात पट्ट्या कोऱ्याच राहिल्या, कारण सगळ्यांना ही आपल्यावरची पाळत वाटली. दुसऱ्या आठवड्यात पट्टीवरचा माणसाच्या नावाचा रकाना काढून फक्त टेबल क्रमांक ठेवला, तेव्हा नोंदी व्हायला लागल्या. मोजमाप माणसांचं नसून वाटेचं आहे हे सांगून कुणाला पटत नाही. कागदावरून नाव गेलं की पटतं.

पट्ट्यांवरून जे दिसलं ते कुणी बैठकीत सांगितलं नव्हतं. साध्या निवासी प्रस्तावावर प्रत्यक्ष हात चालायचा तो सगळा मिळून सहा-सात तास, आणि प्रस्ताव बाहेर पडायला दोन महिने लागायचे. बाकी सगळा वेळ थांबण्याचा. स्थळपाहणी थांबायची गाडीसाठी. विभागाला गाडी मिळायची मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही पाणीपुरवठ्यात काही फुटलं नसेल तर. चलन थांबायचं कारण लेखा विभाग दुपारी दोननंतर रोख घेत नसे, आणि गावाबाहेरून येणारा माणूस दोनच्या आत पोहोचत नसे. सगळ्यात जास्त दिवस मात्र त्रुटीपत्रात जायचे. एका प्रस्तावाला दोन-तीन त्रुटीपत्रं ही नित्याची गोष्ट होती. पहिलं सात-बारा जुना आहे म्हणून, दुसरं मोजणी नकाशाची ‘क’ प्रत नाही म्हणून, तिसरं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, कमी पडतं म्हणून. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसू शकल्या असत्या, पण त्या तीन वेगवेगळ्या टेबलांवर दिसत होत्या.

यात कायद्याची एक मेख आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५(५) नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव नियमांशी तंतोतंत जुळत असेल तर, परवानगी दिली असं मानलं जातं. पण हे ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा नियोजन प्राधिकरणानं मागितलेल्या पूर्ततेला अर्जदारानं दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यांतली जी तारीख नंतरची तिच्यापासून धरतात. म्हणजे त्रुटीपत्र काढलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. कुणी ठरवून असं करत होतं असं नाही, पण पन्नासाव्या दिवशी निघालेली त्रुटीपत्रं पट्ट्यांवर ओळीनं दिसत होती. वर्षभरात जो एकच नियम खरोखर कामाचा ठरला तो इथून आला: एका प्रस्तावाला एकच त्रुटीपत्र, सगळ्या टेबलांच्या त्रुटी एकत्र करून, सात कार्यदिवसांत. सात हा आकडा मनानं घेतलेला नाही. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमातलं कलम १० शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कार्यदिवसांपेक्षा जास्त पडू नये असं सांगतंच. नव्या आदेशाला जुन्या कायद्याचा आधार दाखवला की अर्धा विरोध तिथेच मावळतो.

मे महिन्यात कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. त्याच २००५ च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, आणि नगररचना संवर्गातले अधिकारी नगरपरिषदेचे नसून राज्याच्या नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाचे असतात. एप्रिलमध्ये ज्यांच्यासोबत आराखडा बसवला ते सहायक नगररचनाकार मेअखेर गेले आणि नवे जूनच्या मध्यात रुजू झाले. मधले पंधरा-वीस दिवस अतिरिक्त कार्यभारावर चालले. पहिल्या अधिकाऱ्यासोबत झालेली चर्चा इतिवृत्तात होती म्हणून वाचली. जी तोंडी झाली ती गेली. जूनमध्ये कनिष्ठ अभियंते पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या पाहणीत अडकतात, तेही लक्षात ठेवावं.

जून-जुलैमध्ये कामाची वाटणी झाली. इथे पहिला प्रश्न येतो तो पदांचा. नवी पदं मिळणार नाहीत हे गृहीत धरावं. आकृतीबंध, म्हणजे कोणती पदं किती, हे शासन मंजूर करतं आणि आस्थापना खर्चाला ३५ टक्क्यांची मर्यादा आड येते. पण मंजूर पदांच्या चौकटीत कोणी कोणतं काम करायचं, हे कार्यवाटप आदेशानं बदलता येतं आणि तो आदेश मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं निघतो. विभागात दोन बदल केले. आरेखक आणि छाननी लिपिक एकाच टेबलावर बसवले, म्हणजे कागदपत्रं आणि नकाशा एकाच दिवशी तपासले जातील. आणि स्थळपाहणीचे दिवस गाडीऐवजी प्रभागांवर बसवले: सोमवारी प्रभाग एक ते पाच, बुधवारी सहा ते दहा, याप्रमाणे. गाडी नसेल तर दुचाकी आणि प्रवासभत्ता. प्रवासभत्त्याचं देयक लेखा विभागानं सुरुवातीला दोनदा परत पाठवलं, कारण कार्यवाटप आदेशात ‘स्वतःच्या वाहनाने’ हे शब्द नव्हते. सुधारित आदेश काढला तेव्हा देयक निघालं. आदेश काढताना लेखा लिपिकाला शेजारी बसवून घ्यावं, पुढचा महिना वाचतो.

आदेश निघाला त्या आठवड्यात खोलीतलं बोलणं बंद झालं होतं. आरेखकाला वाटलं, नकाशा आता संगणक तपासणार, मग आपण कशाला? अनुरेखकाचं, म्हणजे नकाशे हातानं उतरवून घेणाऱ्याचं, दुःख आणखी खोल होतं. विकास योजनेचे नकाशे ट्रेसिंग कापडावर हातानं उतरवलेली ही पिढी. कुठल्या सर्व्हे नंबरचे हिस्से कधी पडले, कोणता रस्ता मंजुरीत सरकला, हे त्यांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. त्यांना संगणक प्रशिक्षणाला पाठवणं ही पहिली चूक झाली. तीन दिवसांनी ते रजेवर गेले. परत आल्यावर त्यांना अभिलेख कक्षाची सूची करण्याचं काम दिलं, आणि पुढचे दोन महिने त्या खोलीतलं सगळ्यात महत्त्वाचं टेबल तेच होतं.

अभिलेख कक्षाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खर्च आणि वेळ इथेच सर्वाधिक जातो आणि नियोजनात याला एक ओळ मिळते: ‘जुन्या नस्त्यांचं स्कॅनिंग’. स्कॅनिंगचे दरपत्रक पानाच्या हिशोबानं येतात. त्यात ए-४ पानाचा दर असतो, मोठ्या नकाशाचा वेगळा असतो, आणि ज्यासाठी खरे तास लागतात त्याचा दर कुठेच नसतो. टाचण्या काढणं, घडीवर फाटलेला नकाशा मागून कागद लावून सरळ करणं, वाळवी लागलेली पानं वेगळी करणं, स्कॅन झाल्यावर त्याच क्रमानं पुन्हा बांधणं. आमच्याकडे मजुरीचा हा भाग प्रत्यक्ष स्कॅनिंगपेक्षा महाग पडला आणि त्यासाठी स्वतंत्र मान्यता घ्यावी लागली. तीन आठवडे त्यात गेले. निविदेच्या अटींतच ‘पूर्वतयारी व पुनर्बांधणीसह’ असे शब्द घालून घ्या.

दुसरी अट रंगाची. दरपत्रकात कृष्णधवल स्कॅन स्वस्त दिसतं. मंजूर नकाशांमध्ये प्रस्तावित बांधकाम लाल रंगात आणि पाडायचं बांधकाम पिवळ्या रेषांनी दाखवण्याची रीत आहे. कृष्णधवल प्रतीत लाल आणि काळं सारखंच दिसतं, पिवळं तर नाहीसंच होतं. म्हणजे दहा वर्षांनी कुणी अनधिकृत बांधकामाची तक्रार केली तर काय मंजूर होतं आणि काय पाडायचं होतं, हेच त्या प्रतीवरून कळणार नाही. पहिल्या चारशे नस्त्या अशाच स्कॅन झाल्या आणि पुन्हा कराव्या लागल्या. जुन्या अमोनिया प्रिंट तर उजेडानं आधीच फिक्या झालेल्या असतात. त्या सगळ्यात आधी घ्याव्यात. रंगीत आणि निदान ३०० डीपीआय, हे पहिल्या दिवसापासून.

काय स्कॅन करायचं यावर वाद झाला. अभिलेखांचं ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ वर्गीकरण त्यासाठीच आहे: ‘अ’ कायम जतनाचे, ‘ब’ तीस वर्षांचे, पुढे कमी मुदतीचे. मंजूर नकाशे, अभिन्यास (भूखंडांच्या आखणीचे नकाशे), विकास योजनेचे नकाशे आधी. टपालाच्या प्रती, स्मरणपत्रं, मुदत संपलेले ‘ड’ कागद स्कॅनच करायचे नाहीत, रीतसर नष्ट करायचे. वर्गीकरणाशिवाय स्कॅनिंग सुरू केलं तर ठेकेदाराचं बिल वाढतं आणि सर्व्हरवर चहाच्या डागांचे फोटो साठतात.

सूचीचे रकाने ठरवताना पहिल्यांदा फक्त परवाना क्रमांक, वर्ष आणि मालकाचं नाव घेतलं होतं. मालक बदलतो, नावं तीन पद्धतींनी लिहिलेली असतात, आणि लोक परवाना क्रमांक घेऊन येत नाहीत. लोक येतात ते सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन. शहरात नगर भूमापन झाल्यानंतर त्याच जागेला नवा क्रमांक मिळालेला असतो, आणि भूमापनाआधीचा परवाना सर्व्हे नंबरवर असतो. म्हणून शेवटी सूचीत सर्व्हे किंवा गट क्रमांक, हिस्सा, सिटी सर्व्हे क्रमांक, अभिन्यासातला भूखंड क्रमांक, परवाना क्रमांक व दिनांक, आणि मंजुरीच्या वेळच्या मालकाचं नाव इतकं घेतलं. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयाकडून लेखी मागावा लागतो. तो यायला सहा आठवडे लागले. तोवर अनुरेखकांच्या आठवणीवर पेन्सिलीनं लिहिलेले क्रमांक चालवले. मेळ आल्यावर त्यांतले मोजकेच चुकलेले निघाले.

विकास योजनेच्या नकाशाचं डिजिटल रूप याच काळात आलं. झोन दाखला (जागा विकास योजनेत कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा दाखला) आणि भाग नकाशा आता बटण दाबून निघणार, म्हणून सगळे खूश होते. इथे सावध राहावं. मंजूर असतो तो शासनानं मान्यता दिलेला नकाशा. संगणकातली प्रत ही कामाची प्रत. ५००० ला १ या प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. रस्त्याची ती रेघ ज्याच्या भूखंडाच्या कडेला येते, त्याच्या दृष्टीनं अडीच मीटर म्हणजे एक खोली. अशा सीमेवरच्या प्रकरणांत दाखला थेट देऊ नये. मूळ नकाशा आणि मोजणी समोर ठेवून सहायक नगररचनाकारांनी पाहावं, असा स्वतंत्र टप्पा ठेवला. दुसरी गोष्ट, १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली मंजुरीनंतर झालेले फेरबदल डिजिटल नकाशात आलेच नव्हते. ते एकेका अधिसूचनेत विखुरलेले असतात. कलम १२७ खाली व्यपगत झालेली, म्हणजे संपुष्टात आलेली, आरक्षणंही तशीच. या दोन्हींची यादी राजपत्रांवरून वेगळी बांधली आणि ती संपेपर्यंत ऑनलाइन झोन दाखले रोखून धरले. त्यावर ओरड झाली. चुकीचा दाखला दिल्यावर होते त्यापेक्षा ती कमीच होती.

ऑगस्टमध्ये वास्तुविशारद आणि परवानाधारक अभियंते यांच्या तीन बैठका घेतल्या. खरं तर त्या जूनमध्ये घ्यायला हव्या होत्या. प्रणाली नकाशा वाचते ती कॅड फाइलमधल्या लेयरवरून, म्हणजे सीमा, जिना वगैरेंच्या वेगवेगळ्या थरांवरून. भूखंडाची सीमा बंद बहुभुज नसेल, दोन टोकांत केसभर फट असेल, तरी ती भूखंड ओळखत नाही. मोजमाप मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये असेल तर चटई क्षेत्र लाखांत जातं. जिन्याचा लेयर चुकला की जिना खोली म्हणून मोजला जातो. छोट्या गावात अभियंत्याचा नकाशा बहुतेकदा दुसराच कुणी मुलगा काढून देतो. बैठकीला अभियंता येतो, मुलगा येत नाही. तिसऱ्या बैठकीला त्या मुलांनाच बोलावलं आणि २०० चौरस मीटरच्या भूखंडाचा एक संपूर्ण, अचूक लेयर असलेला नमुना नकाशा पेन ड्राइव्हवर दिला. त्यानंतर फाइल नाकारल्या जाण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं खाली आलं.

आकार २०० चौरस मीटर घेण्याचंही कारण होतं. यूडीसीपीआरमध्ये जोखमीनुसार वर्ग आहेत: १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला जवळजवळ स्वयंघोषणेवर काम सुरू करता येतं, आणि त्यापुढे ३०० पर्यंत परवानगीची मुदत दहा दिवसांची. नगरपरिषदेच्या हद्दीतले बहुसंख्य अर्ज याच दोन वर्गांतले असतात. त्यांची वाट वेगळी काढली की मोठ्या प्रस्तावांना वेळ उरतो. क्षेत्रफळाच्या तक्त्यातली नेहमीची चूकही इथेच सांगतो: मालकी हक्काच्या कागदावरचं, मोजणी नकाशावरचं आणि प्रत्यक्ष जागेवरचं अशा तीन क्षेत्रांतलं सर्वांत कमी असेल तेच धरायचं असतं. लोक सगळ्यात मोठं धरतात आणि सगळी गणितं त्यावर उभी करतात.

नवी पद्धत सुरू करायची तारीख १ सप्टेंबर ठरली होती. गणेशोत्सवाचे मंडप परवाने, विसर्जन घाटांची तयारी, त्यात निम्मे कर्मचारी. तारीख १ ऑक्टोबरवर गेली. पालिकेच्या दिनदर्शिकेकडे न पाहता तारीख ठरवू नये, इतकंच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर ही सगळ्यात मोठी चूक झाली त्याचे महिने. धोका नको म्हणून ऑनलाइन आणि कागदी अशा दोन्ही वाटा समांतर चालू ठेवल्या. एकाच प्रस्तावाला दोन आवक क्रमांक पडले. कागदी प्रतीवर त्रुटी निघाली आणि ऑनलाइन प्रत पुढे सरकली. एका प्रकरणात दोन वेगळ्या चटई क्षेत्रांची दोन टिपणं एकाच दिवशी वर गेली. सही होण्याआधी लक्षात आलं हे नशीब. कर्मचाऱ्यांचं काम दुप्पट झालं आणि थकवा इतका, की ऑनलाइन पद्धतच वाईट असा निष्कर्ष निघायला लागला. १ डिसेंबरपासून एकच रेषा आखली: नवा अर्ज फक्त ऑनलाइन, आधीच्या आवक क्रमांकाची कागदी प्रकरणं कागदावरच ३१ जानेवारीपर्यंत संपवायची, आणि जुन्या परवानगीत सुधारित नकाशा मागणाऱ्यानं जुन्या मंजुरीची प्रत जोडून ऑनलाइन यायचं. समांतर चालवायचंच असेल तर दोन आठवडे पुष्कळ झाले, तेही केवळ चाचणीच्या प्रकरणांवर.

डिसेंबरमध्ये अडलं ते डिजिटल सहीपाशी. सहीचा टोकन व्यक्तीच्या नावाचा असतो, पदाचा नसतो. एक अधिकारी दीर्घ रजेवर गेले आणि त्यांच्या लॉगिनच्या टपालात ३७ प्रकरणं अडकून पडली. प्रभारी अधिकाऱ्याला ती दिसतच नव्हती. लॉगिन पदनामावर घेणं, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांखाली ‘प्रलंबित ऑनलाइन प्रकरणं, टोकन, पासवर्ड बदल’ ही ओळ छापून घेणं, हा उपाय फुकटचा आहे. टोकनची मुदत कधी संपते तेही त्याच यादीत लिहावं.

याच महिन्यात अर्जदार खिडकीवर येऊन भांडायला लागले: ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही.’ नोंदी पाहिल्या तर त्रुटीपत्रं वेळेत गेलेली. अर्जात मालकाच्या मोबाइलच्या जागी अभियंत्यानं स्वतःचा क्रमांक टाकला होता, त्यामुळे सगळे संदेश त्याच्याकडे. मालकाला वाटायचं नगरपरिषद बसून आहे. अभियंता म्हणायचा, साहेबांकडे आहे. छाननीच्या वेळी मालकाच्या क्रमांकावर एक फोन करून खात्री करणं ही पहिली पायरी केली. दोन मिनिटांचं काम आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक लावावाच लागतो. तो खिडकीशेजारी हलवला. विनाकारण उशीर केल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे आधी फक्त अधिकाऱ्यांना माहीत होतं.

पैशांचा भाग जानेवारीत उघडा पडला. ऑनलाइन भरणा एकाच रकमेनं यायचा आणि लेखा विभाग तो एकाच शीर्षाखाली जमा धरायचा. त्यात छाननी शुल्क, विकास शुल्क, अधिमूल्य, सुरक्षा ठेव आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर हे सगळं मिसळलेलं. उपकर हा नगरपरिषदेचा पैसा नाही. गोळा केल्यापासून ३० दिवसांत तो कामगार कल्याण मंडळाकडे जायला हवा. ठेव तर परत द्यायची असते. तीन महिन्यांची फोड हातानं करावी लागली. प्रणाली सुरू होण्याआधी लेखाशीर्षांचा तक्ता लेखापालाकडून सही करून घेतला असता, तर जानेवारी वाचला असता.

फेब्रुवारीत लक्षात आलं की सगळं लक्ष बांधकाम परवानगीवर होतं आणि जोते (प्लिंथ) तपासणी व भोगवटा प्रमाणपत्र विसरले गेले. जुना कागदी परवाना असलेला माणूस जोते प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन आला की प्रणाली विचारते, मूळ परवाना कुठे? तो तिच्यात नाही. शेवटी चालू बांधकामांच्या जुन्या परवान्यांची नोंद हातानं भरली. त्यासाठी अभिलेख कक्षाची सूची कामाला आली.

काही थांबे गेले नाहीत. मोजणीची ‘क’ प्रत, अग्निशमन, रेल्वे किंवा महामार्गाचं ना-हरकत प्रमाणपत्र, यांवर विभागाचा हात नाही. एवढंच केलं की हे दिवस प्रस्तावाच्या नोंदीत वेगळे दाखवायला लागलो, म्हणजे कोणाकडे किती दिवस गेले हे अर्जदाराला दिसतं. एक त्रुटीपत्र हा नियम बहुतांश पाळला जातो, नेहमी नाही. ट्रेसिंग कापडावरचे नकाशे अजून लोखंडी नळकांड्यांत आहेत.

मार्चअखेर एक शेवटची धावपळ असते. विकास शुल्काचं गणित वार्षिक मूल्यदर तक्त्यावर (रेडी रेकनरवर) असतं आणि नवा तक्ता यायचा तर तो सहसा १ एप्रिललाच येतो. म्हणून मार्चमध्ये काढलेल्या प्रत्येक मागणीपत्रावर कोणत्या वर्षाचा दर धरला आणि भरण्याची शेवटची तारीख काय, हे ठळक लिहायचं. ३१ मार्चला रात्री साडेनऊपर्यंत भरणा येत होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजणी केली, कागद आणि पडदा दोन्ही. पंजीत ९३, प्रत्यक्षात ९६. जास्तीच्या तिघांपैकी दोन प्रकरणं मेमध्ये बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावानं उघडलेल्या चाचणी लॉगिनमध्ये निघाली. तिसरी नस्ती अनुरेखकांच्या टेबलावर होती, पिवळ्या पट्टीसकट. ऑनलाइन नोंदवायची राहून गेली होती.